खांबावरची डबी

नोकरीला लागलो त्या दिवशी हेडक्लार्कनी माझ्या टेबलावर काचेचा एक जड गोळा आणून ठेवला. आत निळी-पिवळी फुलं गोठलेली. "सांभाळा, काळे," म्हणाले, "इथं वारा आहे."

वारा समुद्राचा नव्हे, पंख्याचा. फोर्टातली जुनी दगडी इमारत, छत इतकं उंच की पंखा सहा फुटी दांडीनं खाली सोडलेला, आणि तो दांडीसकट असा डुलायचा की खाली बसणाऱ्यानं स्वतःचा विमा उतरवलेला बरा. ऑफिस विम्याचंच होतं, त्यामुळे तीही सोय होती. रेग्युलेटर भिंतीवर, काळा, बेकेलाइटचा, आमटीच्या वाटीएवढा. त्यावर एक ते पाच आकडे. तीनपर्यंत काहीच घडत नसे, चारवर पंखा विचारात पडायचा आणि पाचवर तिघांचे प्रपोजल फॉर्म एकदम खिडकीकडे निघायचे. पेपरवेट हे पंख्याचंच अपत्य आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पंखे गेले तसे पेपरवेटही गेले. आता ते निवृत्त लोकांच्या शोकेसमध्ये दिसतात. माझाही तिथंच आहे.

त्या ऑफिसात गारव्याची जबाबदारी ज्याची त्याची होती. तावडे मानेभोवती ओला रुमाल गुंडाळायचा. सावंतबाई आल्या आल्या माठातलं पाणी तांब्यात भरून टेबलाखाली ठेवायच्या, खिडकीची खालची झडप उघडायच्या आणि बाराच्या सुमाराला ऊन अंगावर आलं की अख्खं टेबल दीड हात सरकवायच्या. हेडक्लार्कच्या खणात पावडरचा डबा असे. दुपारी दोननंतर त्यांची मान पांढरी दिसायची. मी फायलीच्या पुठ्ठ्यानं वारा घ्यायचो. उकाड्याची तक्रार कुणी कुणाकडे करत नव्हतं, कारण ऐकणाराही पुठ्ठ्यानंच वारा घेत होता.

१९८८ च्या सुमारास ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग पहिला एसी. एसी कॉम्प्युटरसाठी होता. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, खिडक्या बुजवल्या, दाराबाहेर 'पादत्राणे येथे काढावीत' अशी पाटी लावली. आत शिरताना देवळात शिरल्यासारखं वाटायचं आणि गारवाही गाभाऱ्यासारखाच असायचा. एप्रिल-मेमध्ये प्रत्येकाला संगणकशास्त्राविषयी जिज्ञासा उत्पन्न होई. तावडे रोज एक शंका घेऊन जायचा. शंका पंधरा मिनिटं टिकायची. शेवटी ऑपरेटरनं आतून कडी घातली. आम्ही काचेला नाक लावून बघायचो. आत कॉम्प्युटर बसलेला, एकटा, सुखात.

हा आमच्या ऑफिसचा दोष नव्हता, हे पुढे वाचनात आलं. एसीचा जन्मच मुळी माणसासाठी झालेला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात साकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. उन्हाळ्यातल्या दमट हवेनं कागद फुगायचा, कोरड्या हवेनं आक्रसायचा, आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्यावर नेमका बसेना. विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनियरनं गार नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढून घ्यायची युक्ती केली. कागदाला बरं वाटलं. चार वर्षांनी, १९०६ मध्ये, 'एअर कंडिशनिंग' हा शब्द स्टुअर्ट क्रेमर यांनी काढला, तो कापडगिरणीतल्या सुताच्या काळजीपोटी. म्हणजे रांगेत आधी कागद, मग सूत, मग आमचा कॉम्प्युटर. ज्या कागदाचे अमेरिकेत एवढे लाड, त्यालाच फोर्टात आम्ही काचेच्या गोळ्याखाली दाबून ठेवत होतो, हा भाग वेगळा. माणसाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

एसीच्या दुकानात 'दीड टनाचा द्या' म्हणतात तेव्हा पुष्कळांना ते वजन वाटतं. माझ्या सासऱ्यांनी तर 'स्लॅबला झेपेल का' म्हणून आर्किटेक्टला विचारलं होतं. पण तो टन बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढं काम करणारं यंत्र ते एक टनाचं. बर्फाचा हा हिशेब आपल्या गावालाही परका नाही. १८३३ साली बोस्टनहून भुशात गुंडाळलेला तळ्यांचा बर्फ जहाजातून कलकत्त्याला उतरला आणि लवकरच तो मुंबईलाही येऊ लागला. इथं जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि 'मुंबई समाचार'नं छापलं की यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली. मुंबईत गारव्याविरुद्ध छापून आलेली पहिली तक्रार बहुधा हीच असावी. यजमान आणि पाहुणे यांचं एकमत झालेली मात्र ती शेवटचीच.

कारण या बाबतीत दोघांचं एकमत होणं आपल्या भाषेलाच मंजूर नाही. मराठीत थंडी 'वाजते'. ऊन 'लागतं'. घाम 'येतो', शिरशिरी 'भरते', जीव 'कासावीस होतो'. यातलं काहीच आपण करत नाही. सगळं आपल्यावर येऊन आदळतं. 'मला उकडतंय' या वाक्यात कर्ता शोधून दाखवा. शाळेत गुरुजी म्हणायचे, हा भावकर्तरी प्रयोग, क्रियापदातच कर्ता आहे असं समजा. ऑफिसातही असंच आहे. उकडवणारा कोण ते सापडत नाही, समजून घ्यावं लागतं. शिवाय 'मला' म्हटलं की पुरावा मागायची सोय राहत नाही. 'खोलीत तेवीस अंश आहेत' असं कुणी म्हटलं तर थर्मामीटर काढता येतो. 'मला उकडतंय' याला काय लावणार? बटाटा उकडतो, मोदक उकडतो, तसाच माणूस उकडतो, आणि शिजला की नाही ते ज्याचं त्याला कळतं.

२००५ साली आमचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं. काचेची इमारत, सहावा मजला, न उघडणाऱ्या खिडक्या आणि सेंट्रल एसी. आम्ही हरखलो. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर नाक चेपलेली माणसं आम्ही. आता सगळं ऑफिसच गाभारा झालं होतं. हरखणं आठवडाभर टिकलं. दुसऱ्या सोमवारी सावंतबाई शाल घेऊन आल्या. महिनाभरात निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर स्वेटर लटकू लागले, मे महिन्यात, मुंबईत. सकाळी लोकलमधून घामानं थबथबून यायचं आणि दारातून आत शिरलं की तोच घाम पाठीवर बर्फ व्हायचा. महाबळेश्वरहून आणलेली माझी मफलर घरी माळ्यावर असायची. ती ऑफिसच्या खणात राहायला आली.

आणि तरीही तावडेला उकडत होतं.

तावडेचं टेबल पश्चिमेच्या काचेला लागून. हवा तेवीस अंशांची, पण तीननंतर काच तापून अशी धग फेकायची की त्याची उजवी बाजू कोकणात आणि डावी काश्मिरात. सावंतबाई बरोबर जाळीखाली. छतातून गार हवेची धार थेट मानगुटीवर. त्यांनी हाउसकीपिंगच्या पोराकडून जाळीला पुठ्ठा लावून घेतला, वर सेलोटेप. मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात मान वर करून बघा, एखाद्या जाळीवर पुठ्ठा दिसेलच. पण हवा पुठ्ठ्यानं थांबत नाही, शेजारच्या जाळीतून जास्त जोरानं येते. त्या जाळीखाली मी होतो.

या सगळ्याचं एक शास्त्र आहे आणि त्याचा मूळपुरुष डेन्मार्कचा. ओले फांगर हे त्यांचं नाव. थंड देशातला माणूस, पण उकाड्याचा विचार त्यांनी जितका केला तितका आपल्यापैकी कुणी केला नसेल. १९७० साली त्यांचं पुस्तक आलं. अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या सुमारे १३०० जणांना, बहुतेक विद्यार्थ्यांना, एकाच तऱ्हेचे कपडे घालून बंद खोलीत बसवलं आणि कसं वाटतंय ते विचारत राहिले. त्या उत्तरांवर सगळा डोलारा उभा आहे. नुसतं हवेचं तापमान पुरत नाही, असं ते सांगतात. भिंती-काचांची धग मोजा, वारा मोजा, दमटपणा मोजा. मग माणसाच्या अंगात कपडे किती आणि तो हालचाल किती करतो तेही मांडा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून दर चौरस मीटरला ५८ वॉट उष्णता बाहेर पडते. अख्ख्या देहाची मिळून साधारण शंभर वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. आमच्या मजल्यावर असे ऐंशी दिवे होते. काहींचा उजेड कधी पडला नाही, पण उष्णता नियमानुसार चालू होती.

कपड्यांचं मापही आहे. त्याला 'क्लो' म्हणतात. १९४१ मध्ये ठरलेलं हे माप; एक क्लो म्हणजे साहेबी सूट. आमचे मॅनेजर खरोखरच एक क्लो घालून यायचे, त्यामुळे २२ अंश हे त्यांना सृष्टीचं नैसर्गिक तापमान वाटे. साडी किती क्लोची, हा प्रश्न मला पडला होता. तो माधवी इंद्रगंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही पडला. त्यांनी उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याला साडी नेसवून पाहिली आणि निष्कर्ष काढला की एकच साडी, पण नेसण्याच्या पद्धतीप्रमाणे तिची ऊब बदलते. सावंतबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पदर खांद्यावरून घेतला की कमी, लपेटून घेतला की जास्त. यासाठी पुतळा कशाला लागतो? आणि निऱ्या कोणी घातल्या त्याच्या?"

फांगर यांच्या हिशेबातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. सगळी मापं अचूक जुळली, हवा, वारा, कपडे सगळं आदर्श असलं, तरीसुद्धा शंभरातले पाच जण नाखूश राहणारच असं त्यांचं सूत्रच सांगतं. शून्यावर कधीच येत नाही. डेन्मार्कमध्ये बसून या माणसानं तावडेला ओळखला होता. प्रत्यक्षात तर हे पाचावर भागत नाही. अमेरिका, कॅनडा आणि फिनलंड इथल्या मिळून २१५ इमारतींतल्या लोकांना विचारलं, तेव्हा ज्या इमारतीत निदान ८० टक्के लोक तापमानावर खूश आहेत, अशा इमारती शंभरात ११ निघाल्या. इतके खर्चाचे प्लँट, इतके इंजिनियर, आणि निकाल हा. आमच्या शाळेचा गणिताचा निकालसुद्धा याहून बरा लागायचा.

यात बायकांवर आणखी एक अन्याय झालेला. हालचालीची आणि उष्णतेची ती मापं ज्या नमुन्यावर बेतली तो पुरुष, वय चाळीस, वजन ७० किलो. बोरिस किंग्मा आणि व्हाउटर व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या नेदरलँड्सच्या दोघांनी २०१५ मध्ये दाखवलं की बायकांच्या अंगातली उष्णता या हिशेबात वाजवीपेक्षा जास्त धरली जाते, कधी कधी ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे सावंतबाई शाल पांघरून बसत होत्या ती त्या चाळिशीतल्या गड्याची थंडी होती.

आता डबी.

क्लेम्स आणि अकाउंट्स या दोन खात्यांच्या मधे एक खांब होता. त्या खांबावर पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकोनी डबी, तिच्यावर फिरवायचा एक खटका, त्याला काटा, आणि सोळापासून तीसपर्यंत आकडे. मजल्यावरची ही एकमेव गोष्ट, जिच्यावर आमच्यासारख्यांचा हात पोचत होता. सावंतबाई येताना तो काटा २६ वर न्यायच्या. तावडे चहाला जाताना १८ वर आणायचा. अकाउंट्सचे लोक मार्चमध्ये १६ वर ठेवत. त्यांना त्या महिन्यात आतूनच उकडतं. खांबावर चिठ्ठ्या लागायला लागल्या. 'कृपया हात लावू नये.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'कोणाचा?' एकदा प्रकरण लेखी तक्रारीपर्यंत गेलं. तावडेनं अर्जात 'जाणूनबुजून गैरसोय' असे शब्द घातले होते. मी ते खोडायला लावले.

मग एका शनिवारी संध्याकाळी मी एकटा थांबलो होतो आणि मेंटेनन्सचा मेकॅनिक आला. फिल्टर धुवायचे होते. जाता जाता त्यानं डबीचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली. मी सहज डोकावलो. आत काहीच नव्हतं. खटका होता, खटक्याखाली एक स्प्रिंग होती, आणि भिंतीतून आलेल्या दोन वायरी काळी टेप गुंडाळून मुडपून ठेवलेल्या.

"ही चालत नाही?"

"पहिल्यापासनं बंदच आहे साहेब. सगळं कंट्रोल खाली बेसमेंटात. ही लावून ठेवा म्हणाले, लोकांना बरं वाटतं." त्यानं झाकण लावलं. "कुणाला सांगू नका हां. उगाच माझ्यावर येईल."

मी सांगितलं नाही. हे पाप मी तेरा वर्षं एकट्यानं वाहिलं, असं मी समजत होतो. नंतर समजलं की ही युक्ती आपल्याकडची नाहीच. अमेरिकेत ती इतकी रुळलेली होती की २००३ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बंद डब्यांवर चक्क बातमी केली होती. पण त्या शनिवारी मला ते ठाऊक नव्हतं. सोमवारी सावंतबाईंनी काटा २६ वर नेला, जागेवर येऊन बसल्या, पाच मिनिटांनी शाल काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय!" मी मान खाली घालून फाइल वाचत राहिलो. गाभाऱ्यात मूर्ती नाही हे एकट्या पुजाऱ्याला माहीत असावं तशी माझी गत झाली.

आणि पुजाऱ्यासारखाच मी वागू लागलो. भांडण पेटलं की मी उठून काटा २४ वर आणायचो. कुणीतरी मधला आकडा धरला की दोन्ही बाजू गप्प बसतात, मग आकड्याला काही अर्थ असो वा नसो. हळूहळू '२४ म्हणजे काळ्यांचा आकडा' असं मजल्यावर रूढ झालं. पुढे २०२० च्या जानेवारीपासून सरकारनं नियमच केला, की स्टार लावलेला खोलीचा नवा एसी चालू केल्याबरोबर आपोआप २४ वरच असला पाहिजे. एक अंश वर नेला तर सहा टक्के वीज वाचते, असा त्यांचा हिशेब. २०२५ च्या जूनमध्ये तर ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी २० ते २८ एवढाच पट्टा ठेवायचा विचार बोलून दाखवला. माझा आकडा त्यांच्या बरोबर मध्यावर आला. मी घरात पेढे वाटायचे म्हणत होतो; सौ. म्हणाली, आधी बेडरूमचा एसी २४ वर ठेवून दाखवा.

खरं सांगायचं तर सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट वेगळीच होती. दुपारी गार वाटलं की मीसुद्धा उठून खटका फिरवायचो. आत काळी टेप आहे हे डोळ्यांनी पाहिलेला मी. चार पावलं चालून जायचं, खटका कर्रकन वाजवायचा, काटा दोन घरं सरकवायचा, परत यायचं. आणि बरं वाटायचं. चार पावलं चालल्यानं अंगात ऊब आली असेल, असं मी स्वतःला शास्त्रोक्त समजावलं. पण मग पाणी प्यायला वीस पावलं जायचो तेव्हा का येत नव्हती?

२०१८ मध्ये नूतनीकरण झालं. नव्या व्यवस्थापनाला कुणीतरी पटवलं होतं की ज्याचा गारवा त्याच्या हातात दिला म्हणजे माणसं जास्त काम करतात. यात तथ्य आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वेस्ट बेंड नावाच्या गावी एका कंपनीनं १९९१ साली प्रत्येक टेबलावर स्वतंत्र हवेची तोंडं, पायांशी गरम पत्रा आणि सगळ्याला फिरवायच्या खुंट्या दिल्या होत्या. खुर्चीवरून माणूस उठला की यंत्र आपोआप बंद. मग परीक्षेसाठी मधूनच काही टेबलांची यंत्रं मुद्दाम बंद करून पाहिली, तर काम मंदावलं. ते ऑफिस कसलं होतं माहीत आहे? विम्याचं. वाचून मला भरून आलं. सातासमुद्रापलीकडे क्लेमच्या फायली उपसणारा कुणी भाऊबंद कागद उडू न देता गार हवा खात होता.

आमच्याकडे गार हवा जमिनीतून आली. जुन्या फरशीवर फूटभर उंच दुसरी फरशी टाकली, मधल्या पोकळीतून हवा, आणि प्रत्येकाच्या पायाशी थाळीएवढी वाटोळी जाळी. जाळी उजवीकडे फिरवली की हवा जास्त, डावीकडे फिरवली की कमी. सगळ्या मजल्यावर जो तो आपापल्या टेबलाखाली वाकलेला, असं दृश्य पहिले दोन दिवस होतं. साहेब राउंडला आले तर त्यांना फक्त पाठी दिसल्या. तिसऱ्या दिवशी तावडेचा चहा जाळीत सांडला. चौथ्या दिवशी सावंतबाईंच्या कुडीचं मळसूत्र आत गेलं, ते अजून तिथंच आहे.

पण भांडणं थांबली. एसीच्या तक्रारींची वही कोरी राहू लागली. आणि मजल्यावर एक चमत्कारिक शांतता पसरली. पूर्वी थंडी वाजली की बेसमेंटातल्या माणसाला, साहेबांच्या सुटाला, तावडेला, कुणाला तरी बोल लावता येई. त्या निमित्तानं दोघंतिघं खांबाशी जमत, मुलांची चौकशी होई, दुधाचे भाव निघत. आता थंडी वाजली तर वाकायचं, जाळी फिरवायची आणि गप्प बसायचं. दोष दिलाच तर स्वतःला. मला तर नेमकं काय हवंय तेच कळेना. दिवसातून दहा वेळा जाळी फिरवायचो. रेडिओचं स्टेशन खरखरीतून शोधावं तसं स्वतःचं तापमान शोधत होतो आणि प्रत्येक वेळी ते किंचित पुढे गेलेलं असायचं.

माझ्या शेजारी तेव्हा नागपूरची एक मुलगी नवीन लागली होती. अनुजा. ४५ अंशांत वाढलेली; कूलर, वाळ्याचे ताटे, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणं, सगळं अंगवळणी पडलेलं. "सर, तिकडे ४५ ला निभते माझं," ती म्हणायची, "अन् इथं चोवीसला गारठते मी!" तिचं चुकत नव्हतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या मंडळींनी देशातल्या पाच शहरांत हिंडून अभ्यास केला तो हेच सांगतो, की बाहेरचं गेल्या काही दिवसांचं हवामान शरीर मनात धरून बसतं आणि आपली बरं वाटण्याची पट्टी त्याप्रमाणे सरकवतं. विलायती तक्त्यांनी आपल्याला दिलेला पट्टा फार अरुंद आहे, हा त्याचा इत्यर्थ. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला जागाही मिळाली. तर अनुजानं आपली जाळी पूर्ण बंद केली, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, अंगावर शाल घेतली आणि कॉम्प्युटरला जोडून तळहाताएवढा पंखा थेट तोंडावर सोडला.

"थंडी वाजतेय ना? मग पंखा कशाला?"

"पाय गार पडतात सर, अन् डोकं तापते."

माझी आजी म्हणायची, पाय गरम, पोट नरम, डोकं थंड, मग वैद्याला दारात उभं करू नका. बर्कलीच्या विद्यापीठात एडवर्ड अॅरन्स, हुई झांग आणि इतरांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले ते याच रस्त्यानं गेले: खोली थोडी उबदारच ठेवा, चेहऱ्याजवळ छोटा पंखा द्या, थंडीत पायांशी ऊब द्या, मोजकी वीज लागते आणि माणूस खूश राहतो. आमच्या इंजिनियरांनी नेमकी उलटी पूजा मांडली होती, पाय गार आणि डोकं गरम. आजी असती तर तिनं जाळीवर गोणपाट टाकलं असतं. सावंतबाईंनी टाकलंच होतं. गोणपाट नव्हे, जुन्या पॉलिसींची जाडजूड फाइल.

या सगळ्या उलथापालथीत खांबावरची डबी तशीच राहिली. ती काढायचं काम कुणाच्याच कंत्राटात नव्हतं. फरशी फूटभर वर आल्यामुळे डबी मात्र फूटभर खाली आली आणि खांद्याशी होती ती छातीशी येऊन बसली.

मी २०२२ च्या मार्चअखेर निवृत्त झालो. सावंतबाईंचे दोन महिने उरले होते. नारळ, शाल, भाषणं सगळं झालं. (शाल का देतात ते मला तेव्हा कळलं, सेंट्रल एसीत ती ताबडतोब उपयोगी पडते.) समोसे खाऊन मंडळी पांगली. खण रिकामा केला, मफलर आणि पेपरवेट पिशवीत टाकले आणि निघता निघता खांबाशी थांबलो. सावंतबाई हात पुसत तिथं आल्या. आता सांगायला हरकत नव्हती.

"बाई, एक सांगू? रागावू नका. ही डबी बंद आहे. पहिल्यापासून. आत वायरच जोडलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे, लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"काळे, मला २००६ पासून माहितीय. त्या मेकॅनिकनं सांगितलं. कुणाला सांगू नका म्हणाला."

"तावडेला?"

"त्याला माझ्याही आधी. अकाउंट्सच्या सगळ्यांना. तुम्हालाच तेवढं ठाऊक नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही इतक्या मनापासून २४ वर आणायचात की कुणाला सांगवेना."

मी थोडा वेळ डबीकडे बघत राहिलो. "मग तुम्ही रोज सकाळी २६ वर कशाला न्यायचात?"

"आणि तुम्ही दुपारी कशाला फिरवायचात? मी बघत नव्हते होय?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला, बोलता बोलता हात लांब केला आणि काटा कर्रकन २६ वर नेला.

मला एकदम उकडायला लागलं.